आग्नेय कोपरा

कमलनं खुरपं पुन्हा जमिनीत रोवलं आणि या खेपेला ते कशावर तरी टणकन वाजलं. ती घाईघाईनं दोन्ही हातांनी माती उपसायला लागली. निघाला तो मुरमाचा गोटा. तिनं तो बाजूला भिरकावला, पदरानं कपाळ पुसलं आणि कोपऱ्याच्या दगडापासून पुन्हा पावलं मोजली. एक, दोन. दुसऱ्या पावलाच्या टाचेशी. जागा हीच होती.

सकाळचे साडेआठ वाजले होते. धारहून तिरल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तीस बाय पन्नासचा हा तुकडा दुपारी बारापर्यंत तिचा होता. बाराला रजिस्ट्री होती. मग तो शेजारच्या उमाशंकर पाटीदारचा होणार होता आणि त्याची ट्रॅक्टर-ट्रॉली इथं उभी राहणार होती. बावीस वर्षं कमलनं मनातल्या मनात या जागेवर स्वयंपाकघर, माजघर, देवघर मांडून पाहिलं होतं. कधी जिना इकडून चढवला, कधी तिकडून. पण ट्रॅक्टर काही तिच्या नकाशात कुठंच नव्हता.

बाराच्या आत तिला एक तांब्याची डबी सापडायला हवी होती. लाल कापडात गुंडाळलेली, आत वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा. ती तिनंच इथं पुरली होती, तेरा वर्षांपूर्वी, कुणालाही न सांगता.

हे करणं किती चूक होतं, ते तिला पुरतं ठाऊक होतं. देवळात पूजा सांगणाऱ्या घरात ती सून म्हणून आली होती. वास्तुपुरुष घर बांधून झाल्यावर पुरतात. नवरा-बायको शेजारी शेजारी पाटावर बसतात, होम होतो, मग घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून त्याला पालथा निजवतात आणि वरून फरशी बसते. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक बोलणं तो ऐकतो आणि ऐकेल त्याला तथास्तु म्हणतो. म्हणून तर घरात वाईटवंगाळ बोलायचं नसतं, आणि सणावाराला त्या कोपऱ्यात त्याच्या नावाचा नैवेद्य ठेवायचा असतो. कमलनं ना होम केला, ना नवऱ्याला शेजारी बसवलं. मुळात घरच नव्हतं. तिनं त्याला सरळ उघड्या रानात आणून निजवलं होतं.

डबी मामंजींनी दिलेली. श्रीपादच्या वडिलांच्या हातात पैसा कधी टिकला नाही, पण मुलानं धारमध्ये प्लॉट घेतला म्हटल्यावर तांबटाकडे चार खेपा घालून त्यांनी ही प्रतिमा घडवून आणली. सगळे जमले असताना त्यांनी डबी मुलाकडे न देता सुनेच्या हातात ठेवली. "घर तुझ्या हातून व्हायचं आहे," ते म्हणाले होते. "तोवर हा तुझ्यापाशी असो." पुढच्या चैत्रात ते गेले.

घर काही झालं नाही. श्रीपाद देवासला शाळेत गणित शिकवत होता. मुलाचं, अनीशचं इंजिनीअरिंग आलं, सासूबाईंचं दुखणं आलं, मुलीचं, आरोहीचं लग्न आलं. पायासाठी साठवलेले पैसे दरवेळी घरातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी खड्ड्यात गेले. देवासात भाड्याची घरं बदलत राहिली आणि डबी तांदळाच्या डब्यात बसून त्यांच्याबरोबर फिरत राहिली. चौथ्या घरमालकानं महिन्याभरात जागा मोकळी करा म्हणून सांगितलं, तेव्हा कमलचा धीर सुटला. धारला मोठ्या बहिणीकडे, चारुताईकडे हळदीकुंकू आहे असं सांगून ती बसमध्ये बसली, ताईच्याच बागेतलं खुरपं घेतलं आणि डबी इथं आणून पुरली. घर उभं राहत नाही तर नाही, घराचा धनी तरी आपल्या जागी जाऊन पडू दे, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

तेव्हापासून वर्षातून तीन-चार खेपा व्हायच्या. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, मांडीवर दहीभाताचा डबा. कोपऱ्यात पळसाच्या पानावर भात ठेवायचा आणि मोठ्यानं बोलायचं. रस्त्यावरून जाणारा एखादा मोटारसायकलवाला वळून पाही, पण तिकडे तिचं लक्ष नसे.

"इथं ओटा," ती म्हणायची. "ओट्यासमोर पूर्वेला खिडकी. सकाळचं ऊन कणकेच्या परातीत पडलं पाहिजे. इथं कोनाडा, दिव्यापुरता. दाराशी अनंताचं झाड. आणि गच्चीवरून किल्ला दिसला पाहिजे."

किल्ला आताही दिसायचा. कोपऱ्याच्या दगडावर चढून टाचा उंचावल्या की घरांच्या वरून त्याचा लालसर तट नजरेत यायचा. सगळं सांगून झालं की ती थोडा वेळ गप्प उभी राहायची, खालून उत्तर यायला तेवढा वेळ लागतो असं समजून. उत्तर तिला कधी ऐकू आलं नाही, पण त्याचं तिला काही नव्हतं. तो म्हणत असणारच. त्याचं कामच ते.

आणि आता जागाच चालली होती.

एप्रिलमध्ये श्रीपाद निवृत्त झाला. जे हातात आलं त्यात आता तरी घर बांधू, म्हणून कमलनं धारच्या ठेकेदाराला बोलावलं. त्यानं प्लॉटवर उभं राहून फोनच्या कॅल्क्युलेटरवरच गणित मांडलं. लोखंड, सिमेंट, रेती, मजुरी. पायापासून स्लॅबपर्यंत पोचता पोचता त्यांची सगळी पुंजी संपत होती. "प्लास्टर फिर कभी करा लेना, मास्टरसाब," तो म्हणाला होता. "लोग रहते हैं बिना प्लास्टर के."

त्याच आठवड्यात श्रीपादनं देवासातलं तयार घर शोधून काढलं. जयसिंगराव म्हणून एक गृहस्थ मुलाकडे बडोद्याला कायमचे जाणार होते. पंधरा वर्षांचं घर, दोन खोल्या खाली, एक वर, बोअरला पाणी, लोखंडी गेट. धारचा प्लॉट विकून त्यात थोडी भर घातली की ते बसत होतं. अनीशनं फोनवरून लगेच होकार दिला. "आई, बना-बनाया घेऊन टाका ना. या उमर मध्ये कुठं ठेकेदाराच्या मागं धावत बसता?"

कमल ते घर पाहून आली होती. घरात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं आणि तिला तेच खुपलं. जयसिंगरावांच्या पत्नीनं फडताळं आपल्या उंचीला लावून घेतली होती, सिंक आपल्या हाताला येईल तिथं बसवलं होतं. दुसऱ्या बाईच्या मापाचं पोलकं अंगात घातल्यासारखं कमलला झालं. घरी येऊन ती गव्हाच्या कोठीला टेकून बसली होती.

"ते काही आपलं घर नव्हे," ती म्हणाली.

"होईल."

"हे तरी कुठं आपलं आहे? तीस वर्षं झाली, एक खिळा ठोकायचा तर दुसऱ्याला विचारावं लागतं."

"आहे गं, आहे," श्रीपाद म्हणाला. तेही तिच्याकडे न बघता, कोपऱ्याकडे बघत.

त्याच्या या दोन शब्दांचा तिला मनस्वी राग यायचा. कुठल्याही भाड्याच्या घरात, कोणत्याही कारणानं ती म्हणाली की हे आपलं घर नव्हे, की हा माणूस दुसऱ्या खोलीतूनसुद्धा ओरडायचा, "आहे गं, आहे." एकदा तर तोंडात दात घासायचा ब्रश असताना. निवृत्तीला आला तरी माणसाला दुःख कळत नाही, ते वरवरच्या शब्दांनी झाकायला बघतो, असं तिला वाटायचं.

तरी ती प्लॉट विकायला तयार झाली. श्रीपादचे गुडघे गेले होते. जिने चढताना तो कठड्याला धरून थांबायचा आणि थांबलोय ते दिसू नये म्हणून चपलेचा अंगठा सारखा करायचा. या माणसाला उन्हात उभं करून विटांवर पाणी मारायला लावायचं, हे तिच्यानं झालं नसतं. जयसिंगरावांना मात्र तिनं अजून होकार कळवू दिला नव्हता. आधी प्लॉटचं होऊ दे, मग संध्याकाळी फोन करू, एवढंच म्हणाली होती. मनात होतं ते दुसरंच. आधी वास्तुपुरुषाला बाहेर काढू, मग पुढचं. त्याला ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवून ती कुठल्याच घरात जाऊ शकली नसती.

म्हणून ती आज सकाळी ताईच्या घरून खुरपं घेऊन निघाली होती. आणि डबी सापडत नव्हती.

"कंई ढूंढी रिया हो, भाभीजी?"

कमलनं दचकून वर पाहिलं. उमाशंकर आपल्या कुंपणाशी खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. रजिस्ट्रीच्या दिवशी विकणारीच जमीन खणताना दिसावी, हे काही बरं नव्हतं. तिनं खुरपं साडीआड घेतलं.

"कुछ नहीं भिया. ऐसेच."

उमाशंकरनं खड्ड्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याच्या दगडाकडे.

"वो तांबा की डिब्बी तो नी ढूंढ रिया?" तो सहज म्हणाला. "वो अब यहां कां, भाभीजी. नाली खुदी थी ना, जब ही निकल गी थी. लाल कपड़े में बंधी थी. जेसीबीवाला बोला, टोटका है, जादू-टोना है, और मशीन छोड़ के भाग ग्यो. म्हने तो हाथ भी नी लगायो, सीधो भियाजी को फोन लगायो. उसी दिन देवास से आ के ले ग्या." तो हसला, आणि तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. "आपको नी बतायो?"

"बताया होगा," कमल म्हणाली. "मैं ही भूल गई."

"हां, नौ साल हो ग्या. चाय भिजवाऊं?"

"नहीं भिया. ये आते ही होंगे."

तो गेला. कमल खड्ड्याच्या कडेला तशीच बसून राहिली. नाली झाल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा ताजी माती पाहून ती दगडापाशी धावली होती. पण दगड जागेवर होता, माती सपाट होती, चर हातभर लांबून गेला असेल अशी तिनं मनाची समजूत घातली होती. तिनं बोटांनी मातीचं एक ढेकूळ फोडलं, मग दुसरं. शेजारी पिशवीत दहीभाताचा डबा होता. आजचा शेवटचा म्हणून तिनं त्यात डाळिंबाचे दाणे घातले होते.

स्कूटीचा आवाज आला. श्रीपाद चारुताईची स्कूटी घेऊन आला होता. त्यानं गाडी लावली, दोन पावलं पुढं आला आणि खड्डा पाहून थांबला. त्याला काही विचारावं लागलं नाही. त्यानं एकदा उमाशंकरच्या कुंपणाकडे पाहिलं.

"सांगितलं त्यानं?"

"हं."

तो हळूहळू खाली बसायला लागला. गुडघा मध्येच अडला, तसा हात जमिनीला टेकून बसला. दोघांच्या मध्ये खड्डा होता.

"त्या दिवशी मला काय सांगून निघाला होतात?" कमलनं विचारलं.

"बोर्डाच्या तपासायच्या कॉप्या आणायला इंदूरला जातो म्हणून."

"आणि मी हळदीकुंकवाला."

"ते हळदीकुंकू पितृपक्षात होतं," श्रीपाद म्हणाला. "मला तेव्हाच शंका आली होती. पण डबी निघाली तेव्हा कळलं."

तिला हसू आलं असतं, पण त्याआधीच रडू आलं.

"नऊ वर्षं मी इथं येऊन कुणाशी बोलत होते हो?" ती म्हणाली. "बसमध्ये उभी राहून आले आहे मी. ताप असताना आले आहे. आरोहीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आले, पहिलं आमंत्रण त्याला म्हणून. आणि खाली कुणी नव्हतं. रिकाम्या जमिनीशी बडबडत होते वेड्यासारखी. आणि तुम्हाला माहीत होतं."

वर्गात अवघड गणित आलं की श्रीपाद खडू हातात फिरवत उभा राहायचा. आता हातात खडू नव्हता, त्यानं मातीतला एक खडा उचलला.

"सांगणारच होतो. त्याच संध्याकाळी सांगणार होतो, धीर झाला नाही. मग तू पुढच्या खेपेला धारहून आलीस ना, तर स्वयंपाक करताना गुणगुणत होतीस. चार दिवस गुणगुणत होतीस. मग दरवेळी तसंच. मी म्हटलं, सांगितलं तर हे बंद होईल." त्यानं खडा खाली ठेवला. "माझं चुकलं असेल."

"मग परत इथंच पुरायचा होता! मी येत होते, तो असता इथं."

"आलो होतो त्यासाठीच. चर बुजवेपर्यंत उमाशंकरकडे बसलो. मग इथं येऊन उभा राहिलो आणि जमेना." श्रीपाद म्हणाला, "इथं राहत कोण होतं, कमल? आपण तिकडे आणि तो इकडे एकटा. बाबांनी तो आपल्याला दिला होता. जमिनीला नव्हता दिला."

रस्त्यावरून गंधवानीची बस हॉर्न वाजवत गेली. कमलनं डोळे पुसले. हाताची माती गालाला लागली.

"मग आहे कुठं तो?"

"घरी."

"घरी कुठं?"

"गव्हाच्या कोठीखाली," तो म्हणाला. "पाट आहे ना तिच्याखालचा, त्याला आतून खण ठोकून घेतला आहे. पालथाच ठेवला आहे. रीतीप्रमाणं."

कमल त्याच्याकडे पाहत राहिली. गव्हाची कोठी. वर्षाचा गहू भरायचा पत्र्याचं ते मोठं पिंप. घर बदलताना हमाल बाकी सगळं उचलायचे, पण कोठीचा पाट श्रीपाद स्वतः उचलायचा, कंबर धरलेली असली तरी. नव्या घरात शिरल्यावर सगळ्यांत आधी तो कंपास घेऊन स्वयंपाकघरात उभा राहायचा आणि मग कोठी कोपऱ्यात जायची. गेल्या घरात ती नेमकी फ्रिजच्या वाटेत यायची. कमल वर्षभर भांडली, तरी त्यानं ती हलवू दिली नव्हती. गणिताच्या मास्तरांचं खूळ म्हणून तिनं शेवटी सोडून दिलं. प्रत्येक वेळी तो आग्नेय कोपराच होता, हे तिला आत्ता लक्षात आलं.

आणि मग दुसरं लक्षात आलं. नऊ वर्षं तो तिच्या पायाशी होता. ती इथं येऊन खिडकी, कोनाडा, अनंत सांगत होती, ते त्याच्या कानावर गेलंच नव्हतं. त्यानं ऐकलं होतं ते दुसरंच. कोठीला टेकून, पीठ मळता मळता, भाडं देऊन आल्यावर, रोज, पुन्हा पुन्हा. हे काही आपलं घर नव्हे. हे आपलं घर नव्हे. आणि तो आपला तथास्तु म्हणत राहिला होता.

"म्हणून तुम्ही 'आहे गं, आहे'..." ती म्हणाली.

श्रीपादनं मान हलवली. "तू एकदा म्हटलंस की मी दोनदा म्हणायचो. तेवढंच माझ्या हातात होतं." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "ब्रश तोंडात असला तरी."

कमलनं पिशवी जवळ ओढली. डबा उघडला. पळसाचं पान आणायला ती विसरली होती, म्हणून तिनं दहीभात डब्याच्या झाकणावर काढला आणि मग तो खड्ड्यातच ठेवला, मातीवर.

"आता कुणाला?" श्रीपादनं हलकेच विचारलं.

"हिला. हिनं तरी ऐकून घेतलं."

तिनं माती लोटायला सुरुवात केली. श्रीपादही गुडघ्यावर पुढं सरकला आणि दोन्ही हातांनी माती ओढू लागला. दोघांनी मिळून खड्डा बुजवला. वरची माती कमलनं तळव्यानं थापून सारखी केली, उंबरठा सारवावा तशी. उठताना तिनं त्याला हात दिला आणि तो आधार घेऊन उठला. मग ती कोपऱ्याच्या दगडावर चढली, टाचा उंचावल्या आणि किल्ल्याकडे एकदा पाहून खाली उतरली.

रजिस्ट्री साडेबाराला झाली. उमाशंकरनं पेढे आणले होते. सही करताना कमलच्या नखांत माती होती, ती तिनं मुद्दाम काढली नव्हती. बाबूनं अंगठ्याला शाई लावली, तेव्हा माती आणि शाई एक झाली. ताईनं जेवून जा म्हणून आग्रह केला, पण कमलला घरी जायची घाई झाली होती. इतक्या वर्षांत धारहून निघताना तिला देवासला पोचायची घाई झाल्याचं ताईला आठवत नव्हतं. तसं ती म्हणालीसुद्धा.

देवासला पोचेतो दिवेलागण झाली. श्रीपादनं कुलूप काढलं. कमल पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेली, देवापाशी दिवा लावला आणि कोठीसमोर येऊन उभी राहिली. कोठी नेहमीचीच होती. पत्र्यावरचा हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, झाकणावर तिचाच जुना चष्मा. तिनं ती हलवून पाहिली नाही. खण उघडा असं म्हणाली नाही. फक्त खाली वाकून पाटाच्या कडेवर हात ठेवला. लाकूड गार लागलं.

बाहेरून श्रीपादचा आवाज आला. "जयसिंगराव वाट बघत असतील. करू ना फोन?"

"ते काही आपलं..." सवयीनं तिच्या तोंडून निघालं आणि तिथंच थांबलं. तिनं ओठ मिटले. बाहेर श्रीपादनं आपले दोन शब्द तोंडाशी आणून धरले असावेत.

कमल कोठीजवळ जमिनीवर बसली. मांडीवरून पदर सारखा केला. धारला बोलायची त्याच आवाजात, पण जरा हळू, तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानं यातलं काहीच ऐकलं नव्हतं, तेव्हा सगळंच सांगायला हवं होतं.

"स्वयंपाकघरात ओटा," ती म्हणाली. "ओट्यासमोर खिडकी. पूर्वेला."

"आहे," श्रीपाद म्हणाला. तो फोन हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. "अगदी पूर्वेला नाही, थोडी ईशान्येला सरकली आहे. पण सातला ऊन येतं. मी दोनदा जाऊन पाहिलं आहे."

"परातीत पडतं?"

"ओटा थोडा बुटका करून घेतला तर पडेल."

"एक कोनाडा. दिव्यापुरता."

"कोनाडा नाही. भिंत जाड आहे, करून घेता येईल."

"दाराशी अनंत."

"लावू."

कमल थांबली. उरलेली गोष्ट तिला ठाऊक होती आणि त्यालाही. तिनं एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गच्चीवरून किल्ला दिसला पाहिजे."

श्रीपादनं दाराच्या चौकटीला खांदा टेकला, गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"किल्ला नाही," तो म्हणाला. "टेकडी दिसते. आत्ता या वेळेला वरच्या देवळाचे दिवे दिसतात."

कमलनं मान खाली घातली. पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. बोटाच्या नखात अजून सकाळची काळी माती होती. मग ती कोपऱ्याकडे वळली.

"बरं. टेकडी," ती म्हणाली, आणि सवयीप्रमाणं थोडा वेळ थांबली.